नरक्याचं झाड

"...आणि ह्यात विष नाही ना, बाबा?"

मठाच्या ओट्यावर वाळलेल्या मुळ्या निवडत बसलेल्या गिरीबाबांनी मानसुद्धा वर केली नाही.

"कशात?"

"तुम्ही जे द्याल त्यात."

"मी अजून काही देतोय कुठं!"

ऋजुता ओशाळली. कोयनेच्या अंगाच्या ह्या डोंगरात ती पहिल्या एसटीनं आली होती, अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. त्यांच्या फुप्फुसात गाठ होती. पहिल्या औषधानं केस गेले, अन्नावरची वासना गेली, गाठ तेवढी जागची हलली नाही. उद्या सकाळी डॉक्टर दुसरं औषध सलाईनमधून चढवणार होते. अण्णा म्हणाले होते, "तू म्हणशील ते." आणि तिथंच तिची झोप उडाली. आपण म्हणू ते! पोराला ताप आला की औषधाचं झाकण भरून द्यायचं की अर्धं, हे विचारायला चार ठिकाणी फोन करणारी बाई ती.

पण बाबांसमोर ती ताठ बसली.

"मी पुष्कळ वाचलंय. झाडापाल्यात कॅन्सरवरची द्रव्यं असतात. शोधनिबंध आहेत त्यावर. उगाच ऐकीव नाही सांगत."

"बरं."

"म्हणून ठरवलंय. उद्याचं ते केमिकल नको. झाडाचं द्या."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं तर हसले. म्हणाले, अहो ताई, हेही मूळचं झाडातलंच आहे." ती फणकारली. "माझी समजूत काढत होते. लहान मुलांची काढतात तशी."

बाबा उठले.

"चल."

मठामागं देवराई होती. आत थोडं चालल्यावर एका साध्याशा झाडापाशी बाबा थांबले. एक पान खुडलं, तळहातावर चुरडलं आणि तिच्या नाकाशी धरलं.

"शी!" तिनं पदर नाकाला लावला.

"नरक्या. वासावरनंच नाव पडलं."

"हे कशाला दाखवताय?"

"ह्याची लाकडं ट्रक भरभरून गेली इथनं. चोरून. देवराईतली तेवढी राहिली, देवाच्या धाकानं. वनखात्याच्या साहेबांना मी विचारलं, असल्या घाणेरड्या झाडाला एवढी गिऱ्हाइकं कसली हो? ते म्हणाले, ह्यातलं द्रव्य काढून सलाईनचं औषध करतात. फुप्फुसातल्या गाठीवर देतात."

ऋजुताचा पदर नाकावरून खाली आला.

"म्हणजे डॉक्टर म्हणाले ते खरंच..."

बाबांनी तळहातावरचा चुरा बुंध्याशी झटकला.

"मग इथूनच द्या ना! साल काढा, मी उकळून देते. ताजं तरी असेल."

"कच्चं दिलंस तर गाठीच्या आधी अण्णा जातील."

"म्हणजे विषच की हे!"

"विषच. गाठ काय तुळशीच्या पानाला भिते?"

"...आणि गुण येईल?"

बाबांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला.

"खोकला असता तर छातीठोक सांगितलं असतं. ह्यातलं मला कळत नाही. त्या लोकांना थोडंफार कळतं. मापून देतात, बघतात, पुन्हा मापतात."

"थोडंफार?"

"काल एवढंही कळत नव्हतं कुणाला."

ऋजुतानं मोबाइल काढला. देवराईत रेंज कुठली! तरी तिनं डॉक्टरांना मेसेज लिहिला, 'उद्या सकाळी चालू करा', आणि पाठवायचं बटण दाबलं. खाली रस्त्याला लागल्यावर जाईल आपोआप. पुसून टाकावंसं काही तिला वाटलं नाही.

तोवर बाबा मठात जाऊन मूठभर अक्षता घेऊन आले. औषध काढायच्या आदल्या दिवशी झाडाला निमंत्रण द्यायचं, ही त्यांच्या गुरूंची रीत. अक्षता वाहायच्या, उद्या तुला न्यायला येतो म्हणून सांगायचं. न विचारता नेलेलं औषध गुणाला येत नाही, असं गुरू म्हणत.

अर्ध्या अक्षता बाबांनी तिच्या ओंजळीत घातल्या. दोघांनी बुंध्याशी वाहिल्या.

"बाबा रे," ते झाडाला म्हणाले, "उद्या सकाळी हिच्या अण्णांकडं जायचंय तुला. सांभाळून जा."

ऋजुता वाट बघत उभी राहिली. बाबांच्या हातात ना कोयता, ना विळा.

"तोडायचं नाही?"

"तोडून केव्हाच झालंय गं," बाबा म्हणाले. "विचारायचं तेवढं राहिलं होतं."