शेवंताची वाचनाची पाळी

घाटाखालच्या एका लहानशा गावात एक कासार राहत होता. त्याला शेवंता नावाची एकुलती एक मुलगी होती. मुलगी हुशार, पण बोलताना फार अडखळायची. चारचौघांत तिचं वाक्य कासारच पुरं करायचा.

गावात सरकारी हायस्कुलं दोन. एक टेकडीवर, एक नदीकाठी. शेवंता सातवी पास झाली तेव्हा त्यांतलं चांगलं कोणतं, असं कासाराने गावभर विचारलं. सगळ्यांनी टेकडीकडे बोट दाखवलं. तरी तो म्हणाला, "आपण दोन्ही पाहून येऊ."

टेकडीवरच्या मुख्याध्यापकांनी निकालाचा फळा दाखवला, प्रयोगशाळा दाखवली, कपाटातल्या ढाली दाखवल्या. शेवंताचं गुणपत्रक पाहून ते खूश झाले.

नदीकाठच्या शाळेवर पत्रे होते आणि निकाल जेमतेम. तिथल्या बाईंनी आधी शेवंतालाच विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"शे... शे..."

"शेवंता," कासार म्हणाला.

"तुम्ही थांबा हो. तिला सांगू दे."

बाई थांबल्या. घंटा द्यायला निघालेला शिपाईही थांबला. बऱ्याच वेळाने शेवंताने आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

परतताना कासार म्हणाला, "नावालाच एवढा वेळ, मग धडे कधी संपवायचे?" शेवंतालाही टेकडीवरचा निळा गणवेश आवडला होता. तिने मान डोलावली.

टेकडीवर तिला कुणी चिडवलं नाही. वाचनाची पाळी आली की गुरुजी मायेने म्हणत, "तू बस बाळ, पुढची वाचेल." हजेरीला शेजारची मुलगीच तिच्यासाठी 'हजर' म्हणे. दुपारी नदीकाठच्या मुलांचा वाचनाचा आवाज वाऱ्याबरोबर वर येई. शेवंता डबा तसाच ठेवून कठड्याशी जाऊन उभी राही, आणि ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर वाची.

वर्षाअखेर तिचा तिसरा नंबर आला. कासाराने पेढे आणले. शेवंताने हात पुढे केला नाही.

"काय झालं गं?"

"अप्पा, व... वर्षभरात मी वर्गात ए... एक शब्द बोलले नाही."

कासाराने पेढ्यांचा पुडा तसाच बांधून फळीवर ठेवला.

जूनमध्ये तो तिला नदीकाठी घेऊन गेला. पण त्या बाईंची मे महिन्यातच दूरच्या तालुक्यात बदली झाली होती. शेवंताचे डोळे भरून आले.

"परत जाऊ या का?" कासाराने विचारलं.

ती क्षणभर दारात घुटमळली, मग आत जाऊन बाकावर बसली.

त्याच दिवशी तिची वाचनाची पाळी आली. पहिल्याच शब्दाला ती अडली. नवे गुरुजी तिला बसायला सांगणार, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, आमच्या वर्गात थांबतात."

सगळा वर्ग थांबला. शेवंताने परिच्छेद शेवटपर्यंत वाचला. मधल्या सुट्टीची वेळ झाली होती, पण कुणी उठलं नाही.

पुढे ती खूप शिकली, मोठ्या सभांतून बोलली. मात्र बोलायला उभी राहिली की आधी समोरच्या रांगांवरून नजर फिरवायची. कुठेतरी बाई बसल्या असतील, असं तिला दर वेळी वाटायचं. त्या कधी दिसल्या नाहीत.

तात्पर्य एवढंच: दोन शाळांतून एक निवडायची असेल, तर अडखळणाऱ्या मुलासाठी कोणती शाळा थांबते, ते आधी पाहावं.