ठकूचा उंबरा

हा देवळाचा उंबरा बघा, मधोमध कसा झिजलाय. पायांनी नाही हो, बसून बसून. इथं कथा सांगायची ती सभामंडपात नाही, या उंबऱ्यावर बसून, आणि आपलं नाव बाजूला ठेवून दुसरं नाव घेऊन, अशी हिवरतळ्याची रीत आहे. तुम्ही लिहिणारी माणसं टोपणनाव घ्यायला हौसेनं येता, फोटो काढता. घ्या बापडे. पण मी इथली गुरवीण आहे, ऐकवल्याशिवाय सोडायची नाही. ती हौस नव्हती!

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा गावात कोष्ट्यांचे माग होते. त्यातल्या एका घरची सून गोष्टी रचायची. बाया कांड्यांवर सूत भरायला तिच्या ओसरीवर जमायच्या. ती सांगायची, बाया 'हं' म्हणून हुंकार द्यायच्या. हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची, हा आमच्याकडचा नियमच. तिची लेक ठकू सातव्या वर्षी तापानं गेली. मग तिनं ठकूचीच गोष्ट रचली. तळं आटतं, पोर पाताळात उतरते आणि पाणी घेऊन परत येते. "गोष्टीत तरी माझी ठकू घरी येते," असं म्हणायची म्हणे.

नारोपंत नावाचा कथेकरी लुगडी घ्यायच्या निमित्तानं त्या ओसरीवर बसायचा. बसायचा कसला, चोरायचा! जत्रेत सभामंडपात बसून तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगायला लागला. वर मेल्यानं ठकूला काढून तिथं राजपुत्र घातला. हुंकार द्यायला बाहेर अंगणात बायाच बसलेल्या. राजपुत्र पाताळात उतरला आणि सगळ्या बाया गप्प झाल्या. पंत खाकरले, तेच वाक्य पुन्हा म्हणाले. एकीनंही हुंकार दिला नाही.

तेव्हा ती सून उठली. बाईनं देवळात पाऊल टाकायचं नाही, म्हणून या उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "गोष्ट माझी आहे. माझी लेक मला परत द्या."

पंचांना पटलं म्हणतात. पण कथेआधी सांगणाऱ्याचं नाव पुकारायचं असतं, आणि घरच्या सुनेचं नाव चारचौघांत कसं पुकारायचं? सासरा म्हणाला, तिचं नाव पुकारलंत तर तिला घरात घेणार नाही. ऐका! गोष्ट तिची, दुःख तिचं, आणि अब्रू जाणार ह्यांची!

"मग ठकूचं नाव पुकारा," ती म्हणाली. "ती कुणाची सून नव्हती."

पंचांनी ते मानलं. पुकारा झाला, 'ठकू सांगते, ऐका.' बायांनी हुंकार दिला आणि ठकू पाणी घेऊन घरी आली. पुढे जन्मभर त्या बाईनं सगळ्या गोष्टी लेकीच्याच नावानं सांगितल्या.

तिचं स्वतःचं नाव? सगळेच विचारतात. कुणालाच ठाऊक नाही. बाहेरच्या पाटीवर 'थोर कथाकार ठकूबाई' असं रंगवलंय, वाचलंत ना? अहो, ठकू सात वर्षांची पोर होती! आईचं नाव गिळलंत ते गिळलंत, वर पोरीला बाई करून टाकलंत. पाटी बदला म्हणून दहा वर्षं भांडतेय मी.

आजही इथं पुकारा व्हायच्या आधी बाया एक हुंकार देतात, कुणी काहीच सांगितलेलं नसताना. तो तिच्या नावाला. बसा आता उंबऱ्यावर. तुमचं नवं नाव काय ते मग सांगा. आधी हुंकार द्या.