हेळवाकपर्यंतची गाणी

“आता तरी गिऱ्हाइकाच्या गाडीला एकट्यानं हात लावू द्याल का, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद निवासच्या मोटारसायकलभोवती एक चक्कर मारून आले.

लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलला म्युझिक सिस्टीम बसवायची, तर कराडात लोक त्यांच्याकडेच येत. निवास चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता. आज त्यानं स्वतःच्या गाडीला सिस्टीम बसवली होती, उस्तादांना एका शब्दानं न विचारता.

“स्पीकर पावसात भिजले तरी चालतील असे निवडलेत. ऐंशीच्या वेगातही गाण्याचा शब्द न शब्द कळतो. मूळची एकही वायर कापली नाही.”

“आणि अँप्लिफायर?”

“मागच्या उजव्या फूटरेस्टच्या जागी. फूटरेस्ट काढावा लागला, पण हा कसा चपखल बसलाय बघा! बसा ना मागं. ऐकाच एकदा.”

सत्तरीचे उस्ताद मुकाट्यानं मागं बसले.

चिपळूणच्या रस्त्यावर पाटण मागं पडलं. उस्तादांची थाप निवासच्या खांद्यावर पडली. मग दुसरी. मग तिसरी.

म्हातारा ताल धरतोय! निवास आतून असा काही फुलला की विचारू नका. त्यानं आवाज वाढवला. थापा जोरात पडू लागल्या, तसा आणखी वाढवला.

हेळवाकला चहाच्या टपरीशी गाडी थांबली.

“कसं वाटलं, उस्ताद?”

उस्ताद टपरीचं बाकडं धरून उतरले. उजवा पाय टेकत नव्हता. घोट्याच्या वर पायजमा जळाला होता, खालची कातडी सोलवटली होती. पाय ठेवायला जागाच नव्हती. अधांतरी धरून धरून तो थकला, की तापलेल्या सायलेन्सरवर पडत होता.

“अहो, हाक मारायची नाही का!”

“मारली.”

“कधी?”

“पाटणपासून मारतोय.”

निवासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टपरीवाल्यानं पाण्याची बादली पुढं केली. निवास उस्तादांच्या पायाशी बसला आणि तांब्या तांब्या पाणी ओतत राहिला. वर बघायची त्याची छाती होईना.

मग एकदम उठला, पाना काढला आणि स्पीकर उचकटायला लागला.

“राहू दे ते.”

“लाज वाटते हो मला. आता कुणाच्याच गाडीला हात लावणार नाही मी.”

उस्तादांनी ओला रुमाल पायाला गुंडाळला. चहा सावकाश संपवला...

“चावी आण. जाताना मी चालवतो. तू मागं बस.”

निवासनं खाली मान घालून चावी दिली आणि सिस्टीम बंद करायला हात पुढं केला.

उस्तादांनी तो हात धरला.

“आवाज आहे तेवढाच असू दे.”