सगुणाबाईच्या उताराची शर्यत

पाहुण्यांनो, वर आमची खडकपेठ, खाली विहीर आणि मधे हा उभा उतार. दर चैत्रात इथं खोक्यांच्या गाड्यांची शर्यत लागते. साबणाचं लाकडी खोकं, त्याला चार चाकं आणि आत बसलेला एक शहाणा. ना बैल, ना इंजिन. उतार नेईल तसं जायचं आणि खाली पोचलं की मिशीला पीळ द्यायचा! अहो, घरंगळण्यात कसली आलीय मर्दुमकी? धोंडाही घरंगळतो.

ही शर्यत देवाच्या कार्यासारखी कशी झाली, ते असं सांगतात.

पेठेतल्या दुकानात तेव्हा नुकतीच साबणाची खोकी येऊ लागली होती. रिकामी खोकी रिकामटेकड्यांच्या हाती पडली आणि गाड्या सुटल्या. हीच बायकांची पाण्याची वाट. डोक्यावर भरल्या घागरी घेऊन त्या चढायच्या आणि वरून हे वीर यायचे, "सरका! सरका!" करत.

एकदा सगुणाबाईची सून चंद्रा पाणी घेऊन चढत होती. सात महिन्यांची पोटुशी. गाडी तिला घासून गेली, घागर फुटली, ती गुडघ्यांवर आपटली. जीव वाचला, पोटातलंही वाचलं. गाडीत कोण होतं? सगुणाबाईचाच लेक, हैबती! बायको धुळीत पडलेली आणि हा खाली हार घालून घेत होता. सगुणाबाईला स्वतःच्या कुशीची लाज वाटली.

उद्या पुन्हा सुनेला याच वाटेनं जावं लागणार, हे तिला दिसत होतं. ती उताराच्या माथ्यावर जाऊन बसली. म्हणाली, "माझी सून आता पाण्याला जायची नाही. ज्या गाड्या खाली पळवता, त्यांतूनच पाणी वर आणा. तोवर मी थेंब घेणार नाही."

बाप्ये हसले. "पाणी भरायला आम्ही काय बांगड्या भरल्यात?" मग पेठेतल्या साऱ्या बायकांनी घागरी पालथ्या घातल्या. घरोघरी रांजण आटले. तहान लागली तसे बाप्ये खाली गेले, विहिरीवर पोटभर पाणी प्याले आणि मिशा पुसत रिकाम्या हातांनी वर आले! लाज कशाशी खातात, ठाऊक नव्हतं मेल्यांना.

सगुणाबाई त्यांच्या ओल्या मिशांकडे बघत राहिली म्हणे. चैत्राचं ऊन, म्हातारा जीव. जीभ टाळ्याला चिकटली, तरी सुनेनं न राहवून विहिरीवरून आणलेला पेला तिनं परतवला. "तू आणलेलं नको, बाय."

अखेर आई डोळे फिरवू लागली, तेव्हा हैबती हलला. गाडीत घागर बांधून, दोर खांद्याला लावून त्यानं ती वर ओढली. हुंदके देत आईच्या ओठांना पाणी लावलं, तर ते गालांवरून ओघळून गेलं. वरातीमागून घोडं!

मग मात्र गाव धाय मोकलून रडलं. ती बसली होती तिथं दगड उभा केला, शेंदूर फासला, उताराला तिचं नाव दिलं. जितेपणी घोटभर पाणी दिलं नाही, मेल्यावर नारळांचा ढीग.

आजही शर्यत जिंकणारा गडी गाडीतून एक घागर ओढत वर आणतो. ढोल वाजतात, गुलाल उधळतात आणि ते पाणी दगडावर ओततात. वर्षातून एक घागर, तीही दगडाला! आता पेठेत नळ आलेत, पण चैत्रात ते कोरडेच असतात. तेवढा वेळ बायका आपल्या घागरी घेऊन कडेला थांबतात. वाट मोकळी झाली की खाली उतरतात. घरी प्यायला पाणी लागतंच की.