उरलेल्या लवंगा

पूर्वी एक वृद्ध रसायनज्ञ नदीकाठच्या एका गावी साबणाची छोटी कार्यशाळा चालवीत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, मेहनती, मात्र वजनकाट्यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

शहरातल्या प्रसूतिगृहासाठी, नवजात बाळांना आंघोळ घालायला, त्यांच्याकडून एका व्यापाऱ्यामार्फत खोबरेलाचा साबण जात असे. एकदा ऐन वेळी खोबरेल मिळेना. शिष्य म्हणाला, तेल ते तेल! सहासष्ट किलो खोबरेलाऐवजी त्याने तेवढेच शेंगदाण्याचे तेल तोलून घेतले, नेहमीप्रमाणे बारा किलो कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून त्यात घातला आणि वड्या पाडल्या.

माल न्यायच्या दिवशी गुरुजींनी एका वडीला जिभेचे टोक लावले. साबण करणाऱ्यांची ही जुनी परीक्षा. लगेच त्यांनी खळखळून चूळ भरली.

"जीभ पोळली. बाळाच्या अंगाला लागली असती तर?"

शिष्य रडकुंडीला आला. "गुरुजी, तेल रतीभरही कमी घातलं नाही. कॉस्टिकही नेहमीइतकंच."

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी घरातून विड्याची पाने, लवंगा आणि दोन तऱ्हेच्या सुपाऱ्या मागवल्या, लहान आणि मोठ्या. "पूजेत मांडतो तसे विडे मांड. दर विड्याला एक अख्खी सुपारी, एक लवंग."

व्यापारी गाडी घेऊन येण्याची वेळ झाली होती आणि गुरुजींना विडे सुचत होते! पण शिष्याला आज्ञा मोडवेना. पावशेर लहान सुपारी संपली तेव्हा मोजून दिलेल्या लवंगाही संपल्या. मग त्याने मोठी सुपारी घेतली; वजन तेच, लवंगाही तितक्याच. सुपारी लवकर संपली. तबकात लवंगा उरल्या.

शिष्याने उरलेल्या लवंगा पुन्हा मोजल्या.

"वजन सारखं होतं, नग कमी भरले," गुरुजी म्हणाले. "शेंगदाण्याच्या तेलाचा कण खोबरेलाच्या कणाहून जड. तेवढ्याच वजनात कण कमी. मग उरलेल्या कॉस्टिकला जोडीदारच मिळाला नाही, ते जीभ पोळतं. निसर्ग तोलून जोड्या लावत नाही बाबा, मोजून लावतो. आपण तोलतो, कारण इतके कण मोजायला जन्म पुरायचा नाही. म्हणून तोलण्याआधी विचारायचं, एक कण केवढा जड?"

अकरावीला 'मोल' शिकवताना मास्तर फळा भरून लिहितात आणि पोरांना घाम फुटतो, ते मुळात एवढेच आहे.

शिष्याने पाटी घेतली; गुरुजींनी दोन्ही कणांचे भार सांगितले, खोबरेलाचा सहाशे साठ आणि शेंगदाण्याच्या तेलाचा आठशे ऐंशी. खोबरेलाचे सहाशे साठ भाग जितके कॉस्टिक संपवतात, तितके संपवायला शेंगदाण्याच्या तेलाचे आठशे ऐंशी भाग हवेत. म्हणजे सहासष्ट किलोच्या जागी अठ्ठ्याऐंशी. बावीस किलो तेल कमी पडले होते.

एवढ्यात व्यापारी आलाच. त्याने पेट्या काट्यावर चढवून पाहिल्या. "वजन चोख आहे. चढवा गाडीत!"

शिष्य गाडीसमोर आडवा आला.

"वजन चोख आहे शेठ," तो म्हणाला, "पण साबण कच्चा आहे. सगळ्या वड्या वितळवून पुन्हा तेल घालावं लागेल. आज माल मिळणार नाही."

"अरे, मग मी तिथे काय तोंड दाखवू? कोणाचं नाव सांगू?"

"माझं सांगा."

व्यापारी पुटपुटत निघून गेला. गुरुजी उठले, भट्टीशी बसले आणि स्वतःच्या हाताने लाकडे रचू लागले.