भिंतीखालचा पंजा

एका नगरात केवडा नावाची चितारीण राहत होती. तिच्या हातांवर कोड होतं. बोटांची टोकं तेवढी मोकळी ठेवून ती हातांना फडकी गुंडाळी आणि रंगकाम करी. तिच्या लेकीलाही कोड होतं. गेल्या वर्षी ती तापानं गेली. शेवटपर्यंत तिनं हात पदराखाली ठेवले होते. आईनंच तसं शिकवलं होतं.

राजवाड्याबाहेरच्या भिंतीवर दरवर्षी आपल्या नगरीचं चित्र बाईच्या रूपात काढायचं, असा तिथला रिवाज होता. त्या भिंतीला ज्याचा कुंचला लागेल, त्यानं खाली आपला उघडा पंजा उमटवायचा. काम कुणाचं, ते लोकांना कळावं म्हणून.

यंदाचं काम केवडाला मिळालं. चित्र पाहायला प्रधान आला आणि चमकला. चित्रातल्या बाईच्या हातांवर पांढरे डाग होते.

"हे पांढरं काय लावलंस?"

"काही लावलं नाही, प्रधानजी. तिथं चुन्याची भिंत तशीच मोकळी सोडलीय."

"मग भर! महाराज पाहुण्यांना घेऊन निघालेत. ते पोचायच्या आत हे बुजलं नाही, तर तुझं बिऱ्हाड वेशीबाहेर."

केवडानं गेरू कालवला. महाराजांच्या स्वारीचा नगारा जवळ येत होता. तिनं कुंचला उचलला, चित्रातल्या हातापाशी नेला. हात लेकीचे होते. आणखी एकदा झाकायचे? तिनं कुंचला खाली घेतला.

राजा आला. मागे गर्दी जमली.

"काय गं, रंग संपला होता का?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

राजाच्या कपाळाला आठी पडली. केवडानं कुंचला प्रधानापुढे धरला.

"रंग तयार आहे. तुम्हीच भरा. पण रिवाज पाळा."

प्रधानानं कुंचला हिसकावून घेतला. मग त्याची नजर भिंतीखालच्या पंजांच्या रांगेवर गेली.

"उमटवा की, प्रधानजी!" गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. "नातवंडं विचारतील, यानं काय काढलं? आम्ही सांगू, काढलं काही नाही, बाईचे हात तेवढे बुजवले."

या वेळी कुणी हसलं नाही. प्रधानानं कुंचला बाजूच्या शिपायापुढे केला.

"मी नाही, सरकार," शिपाई मागे सरला.

शेवटी राजानं कुंचला घेतला. चित्राकडे पाहिलं आणि तो गेरूच्या वाडग्यात ठेवून दिला.

"चितारणी, तुझा पंजा उमटव."

आता फडकं सोडणं भाग होतं. सगळ्या नगरीसमोर तिनं ते सोडलं. तिनं तळवा गेरूत बुडवला आणि भिंतीवर दाबला.

पंजा उमटला. त्यात कोड कुठंच दिसत नव्हतं. पाच बोटं होती आणि हातावरच्या रेषा, शेजारच्या पंजांसारख्याच.

तात्पर्य: झाकायला सांगणं सोपं असतं, पण झाकणारा म्हणून स्वतःची खूण ठेवायला कुणी धजत नाही. जे बुजवताना आपलं नाव सांगायची लाज वाटेल, ते बुजवू नये.