नवी कडी

यंत्रांना अजून वाचा होती तेव्हाची गोष्ट. तेजाबाच्या एका पंपात सिरॅमिकची पांढरी कडी नव्याने आली. ती खोबणीत बसली नाही, तर तेजाब गळून आतला लोखंडी दांडा खाऊन टाकणार होतं.

खोबण होती न गंजणाऱ्या मिश्रधातूची. सगळे तिला आक्का म्हणत. ती म्हणाली, "आम्ही सगळे हातोडा खाऊनच बसलो. तूही खा की, बशीबाई!"

"खाईन आक्का, पण मग माझे तुकडेच बसतील."

दांडा घाबरला. "आक्का, तूच जरा शेक घे ना!"

आक्का कुरकुरत भट्टीशी शेकली, केसभर फुगली. कडी अलगद आत सरकली. निवता निवता आक्काने तिला घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी आक्का नटबोल्टांना सांगत होती, "नवीन आहे, पण कसं जुळवून घेतलं बघा हिनं!"

कडी गालात हसली. दांडा आपला फिरत राहिला. तो कोरडा होता आणि सुखात होता.